ऐकण्याचा तास

यंदा आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने नववी-दहावीच्या मुलांसाठी बाहेरच्या संस्थेला बोलावून सॉफ्ट स्किल्सची कार्यशाळा घेतली. न घाबरता बोलणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, गटात काम करणे, मतभेद सोसणे. फी पालकांनी भरली. तास काढून घेतले ते बहुतेक मराठीचे. माझी उभी हयात मराठी शिकवण्यात गेली, म्हणून हे जिव्हारी लागले. कार्यशाळेच्या पत्रकातले एकूण एक काम भाषेच्या तासाचेच होते.

ते काम भाषेच्या तासातून कसे निसटले, हे मी वर्गात उभा राहून पाहिले आहे. नव्वदच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. श्रवण, भाषण, वाचन, लेखन हे शब्द टाचणवहीत रोज उतरत. वर्गात वाचन-लेखनच चाले. 2000मध्ये पहिलीपासून इंग्रजी आले आणि पालकांचे लक्ष तिकडे वळले. वक्तृत्व स्पर्धा होत्या, पण तिथे पाठ केलेले भाषण खणखणीत म्हणणाऱ्या दोघा-तिघांचीच वर्णी लागे. बाकीचा वर्ग टाळ्यांपुरता.

खरे बोलायचे आहे ते 2010 नंतरच्या दहा वर्षांबद्दल. ऑगस्ट 2010मध्ये पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कल्पना उत्तम होती, आजही मी तिची बाजू घेईन. मूल कसे बोलते, कसे ऐकते याची शिक्षकाने वर्षभर नोंद ठेवायची, म्हणजे आधी त्या मुलाकडे नीट बघायचे. पण बघता बघता वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात आल्या. ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ हे वाक्य वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलापुढेही पडू लागले. मी केलेली प्रशिक्षणे तक्ते कसे भरायचे याचीच होती. वर्गात भांडण पेटले तर काय करायचे, गप्प मुलाला बोलते कसे करायचे, स्वतःचा आवाज केव्हा खाली आणायचा, हे आम्हा शिक्षकांना कोणी शिकवले नाही.

याच दशकातला एक तास मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात मी गटचर्चा लावली: दुष्काळात उसाला पाणी द्यावे का? वर्गात ऊसवाल्यांची मुले होती, टँकरपुढे हंडे लावणाऱ्यांचीही होती. नियम एकच. आधीच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, त्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच आपले मांडायचे. मी स्वतःलाही एक नियम घातला होता: ‘पानी’, ‘मनून’ असे काहीही कानावर पडले तरी मध्ये तोंड घालायचे नाही. पहिली पंधरा मिनिटे नुसता गोंधळ. मग टँकरवाल्या वस्तीतली एक मुलगी उठली. ‘याचं म्हणणं असं, की ऊस गेला तर त्यांच्या घरात नगद पैसा येतच नाही, मग कर्ज कशातून फेडायचं?’ तिच्याआधी बोललेला ऊसवाल्याचा मुलगा गांगरला. ‘हो, हेच म्हणायचं होतं मला,’ म्हणाला. ‘आता माझं ऐक,’ ती म्हणाली. तो खाली बसला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला.

त्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी कोरा फळा पाहिला. चर्चेत तास घालवू नका, नोंदी पूर्ण करा, असे सर्वांदेखत सुनावले. त्यांनी वर्गातल्या एकाही मुलाला काही विचारले नाही. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाऊही नये.

2018-19मध्ये दहावीच्या भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण बंद झाले. ते खिरापतीसारखे वाटले जात, हा आक्षेप खोटा नव्हता. व्हरांड्यात टेबल टाकून हजेरी क्रमांक पुकारायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि अठरा-एकोणीस गुण लिहायचे, अशीच ती परीक्षा कित्येक ठिकाणी चाले. पण उपाय परीक्षा नीट घेण्याचा होता. त्या वर्षी निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10वर आला, गहजब झाला, आणि ऑगस्ट 2019मध्ये गुण परत आले. गुण गेले तेव्हाही आणि परत आले तेव्हाही चर्चा झाली ती टक्क्यांची आणि अकरावीच्या प्रवेशाची. मुले बोलायला शिकतात का, हा प्रश्न मला त्या गदारोळात कुठेच ऐकू आला नाही. मग करोनाने वर्गच बंद केले.

2020मध्ये मराठी सक्तीचा कायदा झाला, 2024मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला. दोन्हींचा मला आनंद आहे. पण साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला पुरते एक मिनिटही येत नाही. कार्यशाळांवर पैसे घालण्याआधी वर्ग लहान करा, आठवड्यातून एक जोडतास फक्त बोलण्या-ऐकण्यासाठी द्या, त्या तासाला वही तपासू नका. आणि शिक्षकाला प्रशिक्षणाला बोलवाल तेव्हा त्यालाही बोलू द्या.