मावळातील भाजीपाल्याचे रोग आणि सरकारी साहाय्य

मावळ तालुक्याची ओळख भाताची. वडगाव येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या व १९८७ साली प्रसारित झालेल्या इंद्रायणी वाणाने ती ओळख पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचविली. परंतु भात निघाल्यावर ज्यांच्याजवळ पवनेचे अथवा इंद्रायणीचे पाणी आहे, ते टोमॅटो, मिरची, फ्लॉवर अशी पिके घेतात, आणि घरात रोख पैसा येतो तो बहुधा यांतूनच. रोग पडला म्हणजे हाच पैसा आठवड्याभरात नाहीसा होतो.

लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पाऊस ओसरल्यावरही घाटमाथ्याच्या बाजूस धुके व दव पुष्कळ दिवस टिकतात. टोमॅटोवरील उशिरा येणाऱ्या करप्यास अशीच गार व ओलसर हवा मानवते. पानांवर पाणी शोषल्यासारखे काळपट डाग पडतात व पानाच्या खालच्या बाजूस पांढुरकी बुरशी दिसते. येथे शिफारस केलेले बुरशीनाशक वेळेवर फवारल्यास उपयोग होतो.

मर रोगाची गोष्ट निराळी. झाड हिरवे असतानाच माना टाकते. अशा झाडाचे खोड बुंध्याजवळ कापून त्याचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभा धरावा. थोड्याच वेळात दुधासारखी पांढरी धार खाली उतरू लागली, तर तो जीवाणूजन्य मर होय. त्यावर कोणतीही फवारणी चालत नाही. रोगट झाडे उपटून नष्ट करावी लागतात व त्या जमिनीत काही हंगाम टोमॅटो, वांगी, मिरची घेता येत नाहीत. खाचरात भाताचे पीक आलटून-पालटून घेणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यास यात थोडी अनुकूलता आहे, कारण पाणी साचलेल्या खाचरात हे जीवाणू कमी होतात.

तिसरा प्रकार विषाणूचा. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले व संगमनेर तालुक्यांत टोमॅटोच्या फळांवर पिवळे-हिरवे-तांबडे पट्टे उमटले आणि शेतकऱ्यांनीच त्यास ‘तिरंगा’ असे नाव दिले. टाळेबंदीचे दिवस, बाजार विस्कळीत, त्यात हे संकट. कोणी बियाण्यास दोष दिला, कोणी हवेस. औषधांवर मात्र सर्वांचाच खर्च होत राहिला. नमुने बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि त्यांत मुख्यतः काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, व ती कीड रस शोषताना काही सेकंदांतच तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत रोग पुढे गेलेला असतो. निदान आधी हाती असते, तर फवारणीवरील बराच पैसा वाचला असता.

नुकसानीनंतरच्या मदतीस मर्यादा आहेत. केंद्राच्या आपत्ती यादीत कीड-आक्रमणाचा समावेश आहे. रोगाचे नाव त्यात वेगळे नाही. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांनुसार किमान ३३ टक्के नुकसान झालेल्या बागायती पिकास हेक्टरी १७,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत, ठरविलेले होते. टोमॅटोस लागणाऱ्या बांबू, तार, सुतळी व रोपांचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांस ही रक्कम किती पुरेल हे सांगावयास नको.

त्या मानाने रोगमुक्त रोपांसाठी दिलेले साहाय्य अधिक मोलाचे. २०२० साली राज्य शासनाने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना सुरू केली. तीत शेडनेटगृहासह रोपवाटिका उभारण्याच्या खर्चाच्या निम्मे अनुदान ठेवण्यात आले. जाळीखाली वाढलेल्या रोपास कोवळेपणी मावा व पांढरी माशी यांचा उपद्रव कमी होतो.

शंका येताच गावच्या कृषी सहायकास, ज्यांना आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात, अथवा वडगावच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयास कळवावे. नमुना नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे नेता येतो. वाळलेले झाड न आणता नुकतीच लक्षणे दिसू लागलेले झाड मुळांच्या मातीसह उपटावे, कोरड्या कागदात गुंडाळावे, ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. सोबत वाणाचे नाव, लागवडीची तारीख व आतापर्यंत फवारलेली औषधे लिहून द्यावीत, आणि शक्यतो नमुना त्याच दिवशी पोहोचवावा.