सारायेव्होत पाच दिवस

सुट्ट्या जवळ आल्या की युरोपच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. बारा दिवस, सात देश. हिशोब केला तर एका देशाच्या वाट्याला धड दोन दिवसही येत नाहीत, आणि त्यातला निम्मा वेळ बसमध्ये जातो. नमाज कुठे आणि कधी पढायची, जेवणात काय आहे, हे रोज नव्या गावात नव्याने विचारायचे. सोबत गुडघे दुखणारी आई असेल तर विचारूच नका. म्हणून आम्ही एकच शहर निवडले, बोस्नियाची राजधानी सारायेव्हो, आणि पाच रात्री तिथून हललो नाही.

एवढे दिवस राहायचे म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न निघाला तो कसरचा. आम्ही कोकणातले, शाफई. येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार पूर्ण दिवसांच्या मुक्कामाची नियत असेल तर आपली कसर संपते. हनफींना पंधरा दिवसांच्या आतल्या मुक्कामात ती चालते. बोस्नियाचे लोक हनफीच आहेत. आम्ही पूर्ण नमाज पढलो, आणि खरे सांगायचे तर त्यामुळेच आपण इथे पाहुणे नसून राहायला आलोय असे वाटू लागले.

जुना बाजार म्हणजे बाश्चार्शिया. मध्ये लाकडी सबील, मोहर्रममध्ये आपल्याकडे लागते तोच शब्द, आणि भोवती तांब्या-पितळेच्या दुकानांच्या गल्ल्या. दुकानाला तिथे ‘दुचान’ म्हणतात, साखरेला ‘शेचेर’, चहाला ‘चाय’, बक्षिसाला ‘बक्शीश’. आमच्या मुलीने वहीत असे शब्द जमवायला सुरुवात केली. तिला सगळ्यात आवडला तो ‘चेफ’. हा आपलाच ‘कैफ’, पण नशा हा अर्थ तिकडे मागे पडला आहे. आपल्या मर्जीने, आपल्या आवडीचे, सावकाश करणे म्हणजे चेफ. कॉफी लहान तांब्याच्या भांड्यात येते, सोबत साखरेचा खडा आणि लोकुमचा तुकडा. ती घाईत संपवली तर बघणारे चक्रावतात.

बाजाराच्या मध्यावर घड्याळाचा मनोरा आहे. त्याचे काटे पहिल्या दिवशी पाहिले तर घड्याळ बिघडले आहे असेच वाटते. ते चांद्र वेळ दाखवते: सूर्य मावळला की बारा वाजतात. मगरिब रोज थोडी पुढेमागे होते, म्हणून एक माणूस वर चढून काटे जुळवत राहतो. एका संध्याकाळच्या सहलीत हे कळणे अवघड. तिसऱ्या दिवशी मुलांनी मनगटावरची वेळ आणि मनोऱ्यावरची वेळ ताडून पाहिली, तेव्हा त्यांना गंमत उमगली.

मनोऱ्याच्या पायथ्याशी गाझी हुस्रेव-बेगची मशीद. हुस्रेव-बेग हा सुलतान दुसरा बायझीद याच्या मुलीचा मुलगा, बोस्नियाचा सुभेदार. मशीद 1531 ची. पण आम्हाला थांबवून ठेवले ते समोरच्या मदरशाने. 1537 च्या त्याच्या वक्फनाम्यात एक अट आहे: बांधकामातून पैसे उरले तर त्यांची चांगली पुस्तके घ्यावीत. त्या शिल्लक रकमेतून जो कुतुबखाना सुरू झाला तो आजही आहे. व्यापाऱ्यांसाठीची मोरिचा हान ही सराईसुद्धा याच वक्फची. वक्फच्या जमिनी कुणाच्या घशात गेल्या याच्याच गोष्टी आपण ऐकत आलो. पावणेपाचशे वर्षांनंतरही त्यातून पुस्तके वाचली जातात हे मुलांना तिथे उभे राहून दाखवता आले.

त्या पुस्तकांवर वेळ आली ती 1992 ते 1996 च्या वेढ्यात. शहर 1425 दिवस वेढलेले होते. मिल्याच्का नदीकाठची व्हियेच्नित्सा, म्हणजे जुने नगरगृह आणि तेव्हाचे राष्ट्रीय ग्रंथालय, 25 ऑगस्ट 1992 च्या रात्री तोफगोळ्यांनी पेटवली गेली आणि लाखो पुस्तके जळाली. हुस्रेव-बेग कुतुबखान्याची हस्तलिखिते मात्र तिथल्या माणसांनी गोळीबारात एका जागेहून दुसऱ्या जागी हलवत वाचवली. कुतुबखान्याची नवी इमारत 2014 मध्ये उघडली, व्हियेच्नित्साही त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली. याआधी 1942 मध्ये दर्विश कोरकुत या मुस्लिम ग्रंथपालाने ज्यूंची चौदाव्या शतकातली ‘हगादा’ ही पोथी नाझींच्या हाती पडू दिली नव्हती. ती आज राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुस्तके लपवून वाचवणे ही या शहराची जुनी सवय दिसते.

मुलांना युद्ध किती दाखवावे यावर आमच्यात एकमत नव्हते. फुटपाथवर जिथे गोळे पडून माणसे मेली तिथल्या खड्ड्यांत लाल रंग भरला आहे, त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. ते चुकवता येत नाहीत. मार्काले बाजारात 5 फेब्रुवारी 1994 ला एका गोळ्याने 68 जण गेले, आणि तिथे आज भाजी विकतात. आम्ही तिथूनच सफरचंदे घेतली. तांबट गल्लीत बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पेने मिळतात. मुलाला हवे होते, आम्ही घेऊ दिले नाही. कॉफीचे भांडे घेतले. आमच्या मते कोवाचीच्या उतारावरच्या शहिदांच्या कब्रस्तानात फातिहा पढणे, तारखा वाचणे आणि गप्प बसणे एवढे पुरे. बहुतेक दगडांवर मृत्यूची सालं तीच तीन-चार आहेत. ते मुलांनी न सांगता ओळखले.

जाणाऱ्यांसाठी थोडे: बोस्निया शेंगेनमध्ये नाही, म्हणून व्हिसाची चौकशी वेगळी करा. चलन मार्क, एका युरोला साधारण 1.96. जुन्या बाजारात चेवापी (बीफचे छोटे कबाब, सोमुन नावाच्या रोटीत) आणि बुरेक हे हलाल मिळायला अडचण येत नाही. बाजाराबाहेर विचारून घ्या. बुरेक म्हणजे फक्त खिम्याचा, चीज घातलेल्याला ‘सिरनित्सा’ म्हणायचे, नाहीतर दुकानदार दुरुस्ती करतो. रस्ते चढाचे आहेत, वडीलधाऱ्यांसाठी घर बाजाराच्या सपाटीवर घ्या. रमजानमध्ये जमले तर उत्तम: संध्याकाळी पिवळ्या बुरुजावरून तोफ उडते, आणि त्याआधी तासभर भट्ट्यांसमोर कलौंजी लावलेल्या गरम सोमुनसाठी रांग असते.