किल्ल्यांचा छल्ला

किल्ल्यांचा छल्ला : एक वा अनेक किल्ल्या ओवून त्या जवळ बाळगण्याचे साधन. त्यात सामान्यतः एक कडे व त्याला जोडलेला बिल्ला, साखळी अथवा शोभेचा लोंबता भाग असतो. ओवलेल्या किल्ल्यांच्या समूहास ‘जुडगा’ म्हणतात. महाराष्ट्रात ‘छल्ला’ हे नाव मुख्यत्वे स्त्रिया कमरेस खोवीत असलेल्या चांदीच्या वस्तूस होते; त्याच कामाच्या आधुनिक वस्तूस ‘की-रिंग’ किंवा ‘की-चेन’ म्हणतात. येथे छल्ला ही संज्ञा दोन्ही अर्थांनी वापरली आहे.

किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला कुलूप उघडून देते. मालक व परका असा भेद ती करीत नाही. म्हणून किल्लीचे रक्षण म्हणजेच कुलपाचे रक्षण होय. छल्ल्याला या बाबतीत परस्परविरोधी गरजा भागवाव्या लागतात. किल्ली सदैव हाताशी असावी, परंतु सहज हरवू नये. हरवल्यास ती मालकाकडे परत यावी, परंतु ती कोणत्या दाराची आहे हे सापडणाऱ्यास कळू नये. छल्ल्याच्या रूपात वेळोवेळी झालेले बहुतेक बदल या गरजांतून उद्भवले आहेत. किल्ल्या बाळगणारी व्यक्ती कोण, हे सांगण्याचे कामही याच वस्तूकडे आले आणि त्यातूनच पुढे तिला अलंकाराचे, स्मरणचिन्हाचे व संग्राह्य वस्तूचे रूप लाभले.

रचना : आज सर्वत्र आढळणारे कडे पोलादी तारेच्या दोन वेढ्यांचे असते. तार चपटी करून तिला मळसूत्राप्रमाणे जवळजवळ दोन पूर्ण वेढे देतात व ते एकमेकांस घट्ट टेकतील असे ठेवतात. कड्याचे एक टोक नखाने उचलून किल्लीचे छिद्र त्यात अडकवितात आणि किल्ली दोन वेढ्यांमधून फिरवीत नेतात; शेवटी छिद्रातून दोन्ही वेढे आरपार जातात. पोलादाच्या स्थितिस्थापकतेमुळे वेढे पुन्हा मिटतात. या कड्यास कोठेही उघडे तोंड उरत नसल्याने ओढ बसली तरी किल्ली निसटत नाही. तिला बाहेर येण्यासाठी उलट दिशेने तेवढाच प्रवास करावा लागतो. पितळ किंवा ॲल्युमिनियम यांचे असे कडे एकदा फाकल्यावर पूर्ववत मिटत नाही. म्हणून लोंबता भाग कोणत्याही द्रव्याचा असला, तरी कडे बहुधा पोलादाचेच असते.

कामाच्या स्वरूपानुसार छल्ल्याचे प्रकार पडतात. तुरुंग व कोषागार यांसारख्या ठिकाणी ठरावीक संख्येच्या किल्ल्या ओवून कड्याचे तोंड कायमचे बंद करतात, म्हणजे एखादी किल्ली गुपचूप काढून घेता येत नाही व पाळी बदलताना मोजदाद सुलभ होते. नौकांवर काम करणारे लोक छल्ल्यास बुचाचा गोळा लावतात, म्हणजे किल्ली पाण्यात पडली तरी तरंगत राहते.

इतिहास : वस्त्रांना खिसे नसलेल्या समाजांत किल्ली ठेवावी कोठे, हा नेहमीचाच प्रश्न होता. प्राचीन रोमन लोकांनी तो अंगठीच्या रूपाने सोडविला. त्यांच्या काशाच्या अनेक अंगठ्यांना लहानशी किल्लीच जोडलेली आढळते. दाराच्या किल्ल्या मोठ्या व जड असत. बोटात घालावयाच्या किल्ल्या लहान पेट्यांच्या असत आणि मौल्यवान वस्तू त्यांतच ठेवीत. अशा अंगठ्या यूरोपातील अनेक वस्तुसंग्रहालयांत जतन केलेल्या आहेत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत यूरोपीय स्त्रिया कमरेला एक शोभिवंत आकडा अडकवीत. त्यापासून निघणाऱ्या साखळ्यांना किल्ल्या, कात्री, अंगुस्ताना, मोहोर, घड्याळ इ. वस्तू लोंबत असत. या साधनास ‘शातलेन’ असे नाव पडले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ गढीची स्वामिनी असा आहे. हातपिशवी व शिवलेले खिसे रूढ झाल्यावर त्याचा वापर मागे पडला.

महाराष्ट्रातील छल्ला हा याच गरजेतून निर्माण झाला. त्याच्या वरच्या बाजूस लुगड्याच्या कमरेस खोवण्याजोगा चपटा आकडा, मधोमध कोयरी, पान, मोर यांसारखी नक्षी आणि खाली किल्ल्या ओवण्याचे कडे असते. काहींना घुंगरूही लावतात. नऊवारी लुगड्याला खिसा नसल्याने तो रोजच्या वापराची वस्तू होता. आता तो मुख्यत्वे सणसमारंभात व नृत्याच्या वेषात दिसतो. धोतर नेसणारे पुरुष किल्ली करगोट्याला आणि मुंज झालेले असल्यास जानव्यालाही बांधीत. बंगालमध्ये गृहिणी किल्ल्यांचा जुडगा पदराच्या टोकाला बांधून तो खांद्यावरून पाठीवर टाकीत.

अधिकारचिन्ह : ज्याच्याजवळ किल्ल्या त्याच्याकडे कोठार व तिजोरी, या साध्या वस्तुस्थितीमुळे जुडगा हे अधिकाराचे चिन्ह ठरले. एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या वडीलधाऱ्या स्त्रीकडे असत. सासूने आपल्या कमरेचा जुडगा सुनेच्या हवाली करणे म्हणजे घराचा कारभार सोपविणे, असा त्याचा सर्वमान्य अर्थ होता. तो न सोपविण्यालाही अर्थ होता. दाणागोटा, तूप, साखर किंवा दागिने यांसाठी प्रत्येक वेळी दुसऱ्याकडे किल्ली मागावी लागणे, हे घरातील दुय्यम स्थानाचे निदर्शक असे.

कायद्यातही या चिन्हाचे पडसाद उमटलेले दिसतात. रोमन ‘द्वादश फलक’ कायद्यानुसार पत्नीला सोडताना तिच्याकडील किल्ल्या काढून घेत, असा उल्लेख सिसरो याच्या एका भाषणात आहे. जर्मन विधिपरंपरेत गृहिणीच्या घरगुती व्यवहार करण्याच्या अधिकारास ‘किल्ल्यांची सत्ता’ या अर्थाची संज्ञा होती. १९०० साली अंमलात आलेल्या जर्मन दिवाणी संहितेच्या कलम १३५७ मध्ये या अधिकारास स्थान मिळाले. मात्र तो मर्यादित करण्याची मुभा पतीस होती. १९७७ पासून हे कलम पती व पत्नी या दोघांनाही समान रीतीने लागू झाले. स्कँडिनेव्हियातील व्हायकिंग काळातील स्त्रियांच्या काही थडग्यांत किल्ल्या सापडल्या आहेत. त्या सर्व गृहस्वामिनीच्या खुणा होत, असे पूर्वी मानीत. परंतु अशा किल्ल्या मोजक्याच थडग्यांत व काही पुरुषांच्या थडग्यांतही आढळत असल्याने अलीकडील अभ्यासक हा निष्कर्ष सावधपणे मांडतात. धर्मक्षेत्रातील उदाहरण म्हणजे पोपच्या राजचिन्हातील सोनेरी व रुपेरी किल्ल्यांची जोडी. त्याही दोरीने एकत्र बांधलेल्या दाखवितात.

ओळख व परतावा : एकसारख्या दिसणाऱ्या किल्ल्या ओळखता याव्यात म्हणून त्यांना बिल्ला लावण्याची पद्धत पडली. बिल्ल्याचे महत्त्व किती असू शकते हे ‘टायटॅनिक’ या जहाजाच्या एका किल्लीवरून दिसते. एप्रिल १९१२ मध्ये जहाज निघण्यापूर्वी बदली झालेल्या एका अधिकाऱ्याकडे टेहळणीच्या मचाणाशी संबंधित किल्ली चुकून राहून गेली. २००७ मध्ये ती इंग्लंडमधील लिलावात ९०,००० पौंडांस विकली गेली. किल्ली स्वतः साधीच आहे. ती कशाची हे सोबतच्या बिल्ल्यामुळेच समजते.

परंतु बिल्ला जितका बोलका, तितका तो धोक्याचा असतो. किल्लीवर घराचा पत्ता लिहिल्यास सापडणाऱ्यास वाटही कळते आणि प्रवेशही मिळतो. यावर तोडगा म्हणून फक्त क्रमांक लिहून त्याची नोंद अन्यत्र ठेवण्याची रीत निघाली. अमेरिकेतील ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’ ही अपंग माजी सैनिकांची संघटना विसाव्या शतकाच्या मध्यास अनेक वर्षे मोटारमालकांना त्यांच्या गाडीच्या क्रमांकपट्टीची छोटी प्रतिकृती टपालाने पाठवीत असे. हरवलेली किल्ली सापडणाऱ्याने टपालपेटीत टाकली, की ती संघटनेमार्फत मालकाकडे परत जाई. त्याबद्दल मालक संघटनेस देणगी देत. हे छोटे बिल्ले आज संग्राहकांच्या आवडीचे आहेत.

हॉटेलांपुढील अडचण वेगळी होती. तेथे पाहुणा किल्ली खिशात घालून निघून जाई. म्हणून खोलीच्या किल्लीला मुद्दाम जड पितळी अगर लाकडी बिल्ला लावीत. तो खिशात सलू लागे व किल्ली बाहेर पडताना आपोआप खाली जमा होई. १९७०–८० या दशकात नॉर्वेतील टोर सॉर्नेस यांनी छिद्रे पाडलेल्या प्लॅस्टिक पत्त्याने उघडणारे कुलूप तयार केले. पुढे चुंबकीय व इलेक्ट्रॉनिक पत्ते आल्यावर जड बिल्ल्याचे प्रयोजन बव्हंशी संपले.

हरवलेल्या किल्लीचा ठावठिकाणा भ्रमणध्वनीवर दाखविणारे इलेक्ट्रॉनिक बिल्ले एकविसाव्या शतकात आले. ॲपल कंपनीचा ‘एअरटॅग’ २०२१ साली बाजारात आला. दुसऱ्याच्या नकळत त्याच्या सामानात असा बिल्ला टाकून त्याच्यावर पाळत ठेवण्याचे प्रकार उघडकीस आले. तेव्हा अनोळखी बिल्ला सोबत फिरत असल्यास भ्रमणध्वनीने इशारा द्यावा, अशी समान व्यवस्था ॲपल व गूगल या कंपन्यांनी २०२४ मध्ये सुरू केली. मालकाला वाट दाखविणारी खूण परक्यालाही वाट दाखविते, ही जुनीच अडचण येथे नव्या रूपात दिसते.

धोके व समजुती : छल्ल्याचे वजन ही बाब क्षुल्लक वाटली, तरी ती नेहमीच तशी नसते. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने २०१४ मध्ये सदोष प्रज्वलन-कळीमुळे सु. २६ लाख लहान मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. कळीचा विरोध कमी पडत असल्याने जड जुडग्याच्या ओढीने किंवा गाडीला बसलेल्या धक्क्याने किल्ली फिरून एंजिन बंद पडे आणि अपघातसमयी फुगणाऱ्या सुरक्षा-पिशव्याही निकामी होत. या दोषाशी निगडित १२४ मृत्यूंचे दावे भरपाई-निधीने मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत गाडीच्या किल्लीसोबत दुसरे काहीही अडकवू नये, अशी सूचना कंपनीने दिली होती. कळीचा दोष हेच मूळ कारण असले, तरी किल्लीवर नाहक भार नसावा हे यावरून स्पष्ट होते.

तान्ह्या मुलास खेळणे म्हणून जुडगा देण्याची सवय सर्वत्र आढळते. पितळ सहज कातता यावे म्हणून किल्ल्यांच्या पितळात अल्प प्रमाणात शिसे मिसळतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असल्यामुळे मुलांना किल्ल्या चोखू देणे इष्ट नाही.

अपस्माराचा झटका आलेल्या व्यक्तीच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा देण्याची प्रथा भारतात रूढ आहे. वैद्यकीय दृष्ट्या तिचा काहीही उपयोग होत नाही. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात व त्याचे श्रेय हातातील लोखंडास मिळते. अशा वेळी रुग्णास कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात व तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास तातडीने वैद्यकीय साहाय्य मिळवावे.

संग्रह : विसाव्या शतकात मोटारी वाढल्या आणि प्लॅस्टिकचे उत्पादन स्वस्त झाले. तेव्हा व्यापारी संस्थांना छल्ला ही उत्तम जाहिरात वाटू लागली. कारण तो दिवसातून अनेकदा हाती येतो व वर्षानुवर्षे टिकतो. फ्रान्समध्ये १९६०–७० या दशकात कॉफी, मद्ये, खनिज तेल इत्यादींच्या विक्रेत्यांनी असे छल्ले मोठ्या प्रमाणावर वाटले आणि ते जमविण्याचे जणू वेडच पसरले. या छंदास फ्रेंच भाषेत ‘कोपोक्लेफिली’ असा फ्रेंच शब्दांच्या आद्य भागांना ग्रीक प्रत्यय जोडून बनविलेला स्वतंत्र शब्द आहे. स्पेनमधील सेव्हिल येथील एका संग्राहकाकडे परस्परांहून भिन्न असे साठ हजारांहून अधिक छल्ले असल्याची नोंद २०१६ मध्ये झाली.

हा छंद लोकप्रिय होण्याची कारणे साधी आहेत. वस्तू लहान, स्वल्पमोल व विविध असते; अनेकदा ती विनामूल्य मिळते आणि प्रवासाहून येणारा कोणीही ती सहज आणू शकतो. कोल्हापुरी चपलेची लघुप्रतिकृती, वारली चित्राची चकती किंवा तीर्थक्षेत्री मिळणारी देवप्रतिमा या महाराष्ट्रातील अशाच वस्तू होत. बंद पडलेली गिरणी, नाव बदललेली बँक वा विस्मृतीत गेलेले उत्पादन यांचा मागमूस कधीकधी अशा एखाद्या बिल्ल्यावरच उरतो. त्यामुळे नीट नोंदी ठेवलेला संग्रह सामाजिक व व्यापारी इतिहासाचे किरकोळ, परंतु उपयुक्त साधन ठरू शकतो. त्यासाठी प्रत्येक वस्तू कोठून, केव्हा व कोणाकडून मिळाली हे लिहून ठेवणे आवश्यक असते.

जतन करताना द्रव्यानुसार वस्तू वेगळ्या ठेवाव्या लागतात. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकमधील मार्दवकारी द्रव्य कालांतराने बाहेर झिरपून पृष्ठभाग चिकट होतो आणि त्याला टेकलेले दुसरे प्लॅस्टिकही विरघळू लागते. दमट हवेत पितळ काळवंडते व पोलादी कडे गंजते. म्हणून कोकणासारख्या प्रदेशात संग्रह कोरड्या जागी ठेवणे अगत्याचे असते.

संग्रहातील छल्ल्याला बहुधा किल्ली नसते. किल्ली सांभाळण्याचे मूळ कार्य त्याने सोडलेले असते. मात्र ती कोणाची हे सांगण्याचे काम तो तेथेही करीत राहतो. रोजच्या वापरातील छल्ल्यातही हे दिसून येते. कुलूप बदलले वा घर सोडले, की किल्ल्या बदलतात. परंतु आईने दिलेला किंवा पहिल्या वाहनाबरोबर मिळालेला बिल्ला नव्या जुडग्यात ओवला जातो. क्वचित एखादी जुनी, आता कोणतेच दार न उघडणारी किल्लीही त्याच्याबरोबर तशीच राहते.