सामरीची पेटी

रामसे बंधूंच्या ‘सामरी’ला २०२५ मध्ये ४० वर्षं झाली. कुणाला आठवण झाली नाही. त्याच्या आदल्या वर्षी ‘स्त्री २’ आला आणि त्यातल्या सरकट्याचं, त्या धडावेगळ्या शिराचं, केवढं कौतुक झालं! जणू असलं भूत पडद्यावर कधी आलंच नव्हतं. मला ते फार लागलं.

१९७२ च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’पासून रामसेंचे भयपट येत होते. ते मी फारसे पाहिले नाहीत. माझे रामसे सुरू होतात ओमानमध्ये, मस्कतच्या रुवीत. आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. बुधवारी रात्री भाड्याचा व्हीसीआर यायचा आणि सकाळपर्यंत चालायचा.

अशाच एका रात्री ‘पुराना मंदिर’ लावला. हवेली दिसली आणि मी ताडकन उठून बसलो. ‘‘अरे, हा आमच्या मुरूडचा नवाबाचा वाडा!’’ एसटीच्या खिडकीतून तो वाडा दिसला की आई पिशव्या आवरायला घ्यायची. दोन वर्षं घर पाहिलं नव्हतं. त्या रात्री हवेली आली की टेप मागे, पुन्हा हवेली, पुन्हा मागे. पोरांनी एका शब्दानं तक्रार केली नाही.

आणि सामरी! अनिरुद्ध अगरवाल, रुरकीला शिकलेला अभियंता. ती उंची, तो खोल गेलेला चेहरा. त्याचं धड देवळामागे पुरलेलं, शिर हवेलीत पेटीत बंद, आणि मरताना त्यानं राजघराण्याला दिलेला शाप: या घरातली बाई बाळंतपणात मरेल. धड आणि शिर यांच्यामधल्या त्या अंतरातच सगळी भीती होती.

पुढच्याच वर्षी ‘सामरी’ आला, थ्रीडीत. नाव तेच, चेहरा तोच. पेटी गेली, शाप गेला. आता तो एक म्हातारा तांत्रिक. नातलग इस्टेटीसाठी त्याला मारतात आणि तो सूड घ्यायला उठतो. इस्टेटीची भांडणं गावाकडच्या पत्रांतून येतच होती, त्यासाठी सामरी कशाला हवा होता? कॅसेटवर थ्रीडीचा चष्मा कुठला? पंजा थेट कॅमेऱ्याकडे यायचा आणि तिथेच खोळंबून राहायचा. आमच्या वीस इंची टीव्हीच्या काचेपलीकडे. थिएटरात लोक दचकले असतील, आम्ही नुसते बघत राहिलो. ज्यांना भीती कशात असते ते इतकं नेमकं ठाऊक होतं, त्यांनीच ती पेटी टाकून द्यावी, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे ‘वीराना’ आला, ‘बंद दरवाज़ा’ आला. तोवर आमची खोली मोडली होती. आता तर भुतं संगणकातून येतात. ‘मुंज्या’ आमच्या कोकणातला, पण त्याला हाडामांसाचा चेहरा नाही.

त्या रात्री ‘सामरी’ संपायच्या आत एकानं कॅसेट काढली. ‘पुराना मंदिर’ची कॉपी आम्ही करून ठेवली होती. ती लावून त्यानं टेप पळवली आणि हवेली आल्यावर थांबवली.