लाजाळू खेळाडू, बोलघेवडं पात्र

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवायच्या खेळाला पहिल्यांदाच बसलेले अनेक जण स्वतःसारखंच पात्र बेततात. वेगळं काही जमणार नाही, ही धास्ती. ती सोडायला हवी, कारण परकायाप्रवेश हाच या खेळाचा गाभा आहे.

सर्वांत घट्ट गैरसमज असा: मला चारचौघांत बोलता येत नाही, मग बोलघेवडं पात्र कसं निभावणार? गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ आणला, तेव्हापासून बळ, बुद्धी यांच्याबरोबर पात्राचा करिष्माही आकड्यात मांडलेला असतो. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत करिष्मा १६ असेल, तर फाशावर ३ मिळवायचे. समजा, वेशीवरच्या पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचंय. खेळाडूने एवढंच सांगावं: "ती त्याचं गाव विचारते, जुनी ओळख निघाल्यासारखं दाखवते, तेवढ्यात बाकीचे आत सटकतात." डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, १५चं लक्ष्य ठेवलं, वीस बाजूंच्या फाशावर १२ पडले, ३ मिळवले, काम फत्ते! पात्र काय करतं ते सांगावं किंवा त्याच्या तोंडून बोलावं. नियमपुस्तकाला दोन्ही रीती मान्य आहेत. तलवार कधी हातात न धरलेला माणूस योद्धा होतोच ना?

दुष्ट पात्र घेणारा मनातूनही तसाच, हा दुसरा समज. अमेरिकेत १९८०च्या दशकात या खेळावर सैतानपूजेचे आरोप झाले, त्यांच्या मुळाशीही हीच गल्लत होती. मराठी प्रेक्षकाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. निळू फुले पडद्यावर बेरकी, लंपट पुढारी रंगवत. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, सामाजिक चळवळींत वावरलेला.

पण वेगळं पात्र म्हणजे वाटेल ते करायची मुभा, असंही नाही. साथीदाराची थैली लांबवायची आणि वर "माझं पात्रच चोर आहे" म्हणायचं, ही पळवाट झाली. पात्र तुम्हीच घडवलंय. आपल्या माणसांना हात न लावणारा चोरही घडवता येतो, आणि मला तोच जास्त रंगतदार वाटतो.

सुरुवातीला स्वभाव अख्खा उलटा करू नका, एकच धागा बदला. तापट माणसाने शांत पात्र घेतलं, तर कुणी डिवचल्यावर ते काय करतं, एवढं ठरवून ठेवावं: पाणी मागतं, उलट प्रश्न विचारतं, की सरळ उठून जातं. पहिल्या डावाला एवढी तयारी पुष्कळ झाली.