चिठ्ठी लिहिणारा कोण?

साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतींत एकाच इमारतीत अनेक गाळे असतात. वीज, पाणी, जिना सामाईक; शटर मात्र प्रत्येकाचे वेगळे. संगणकातील 'कंटेनर' हे असेच गाळे होत. एकाच यंत्रावर अनेक प्रोग्रॅम त्यांत एकमेकांपासून अलग राहून चालतात. अशा असंख्य कंटेनरांची व्यवस्था पाहणारी 'कुबरनेटीस' ही प्रणाली गूगलने २०१४ साली सर्वांसाठी खुली केली.

कंटेनरातील फाइल आपल्या संगणकावर आणण्यासाठी या प्रणालीत 'कुबसीटीएल सीपी' ही आज्ञा आहे. ती कंटेनरातल्याच 'टार' या प्रोग्रॅमकडून फाइलींचे गाठोडे बांधून घेते आणि आपल्या संगणकावर सोडते. प्रत्येक फाइलीवर तिच्या जागेची चिठ्ठी असते. मेख इथेच आहे. चिठ्ठी लिहिणारा गाळ्यातला आणि ती पाळणारा आपला संगणक! गाळ्यात हल्लेखोर शिरला असेल, तर चिठ्ठीही त्याचीच.

फाइलीच्या पत्त्यात दोन टिंबांचा अर्थ 'एक पायरी वर जा' असा असतो. समजा, आपण गाठोडे 'घर/कामे/आवक' या फोल्डरात सोडायला सांगितले आणि एका चिठ्ठीवर '../../सुरुवात' असे लिहिलेले आहे. 'आवक'मधून 'कामे', 'कामे'मधून 'घर'; म्हणजे फाइल 'घर/सुरुवात' येथे पोचली. काम सुरू करताना आपोआप पाळल्या जाणाऱ्या आज्ञा तेथे असतील, तर त्यांची जागा हल्लेखोराच्या आज्ञा घेतील. या दोषाला 'पाथ ट्रॅव्हर्सल' म्हणतात.

टिंबांची ही वाट २०१८ साली बंद करण्यात आली. मार्च २०१९ मध्ये दुसरी उघडकीस आली. 'सिमलिंक' ही दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी पाटी असते. गाठोड्यातून आधी अशी पाटी निघाली, की पुढच्या फाइलीच्या पत्त्यात टिंबे नसली तरी ती भलतीकडे जाते. ही दुरुस्तीही अपुरी ठरली. जून आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. अखेर या आज्ञेने सिमलिंक स्वीकारणेच थांबवले.

यातून एक तत्त्व हाती लागते. पत्ता लिहिला कसा आहे हे पाहून भागत नाही. साऱ्या पायऱ्या चालून तो पोचतो कुठे, हे तपासावे लागते.

शिक्षकांना आम्ही एक सोपा प्रयोग सुचवतो. फळ्यावर फोल्डरांचे झाड काढावे, टिंबे असलेले चार-पाच पत्ते द्यावेत आणि 'आवक'बाहेर कोणते पडतात ते विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. संगणक नसला तरी चालेल.