जाळी एक, टॅग दोन

आज बोलूया ओपनस्ट्रीटमॅपवरच्या पावसाळी गटारांबद्दल.

मे महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या जाळ्या मॅपवर टाकल्या, मित्राने शेजारच्या गल्लीतल्या. पावसाआधी साफ करायच्या जाळ्यांची यादी काढली, तर फक्त माझ्याच आल्या! त्याने टॅग मनानेच बनवला होता. आपल्याला दोन्ही जाळ्याच दिसतात, पण सर्चला फक्त स्पेलिंग कळतं.

मग काय वापरायचं? पावसाच्या पाण्याच्या जाळीला मॅनहोल=ड्रेन, मैल्याच्या झाकणाला मॅनहोल=स्यूअर. सिमेंटच्या उघड्या गटाराला वॉटरवे=ड्रेन, मातीच्या चराला वॉटरवे=डिच. रस्त्याखालच्या मोरीला, तेवढ्याच तुकड्याला, टनेल=कल्व्हर्ट आणि लेयर=-1. रेघ पाणी वाहतं त्याच दिशेने ओढा. उलटी ओढली तर मॅपवर पाणी चढावर जातं!

शंका आली तर टॅगइन्फोवर बघा, कुठला टॅग किती वेळा वापरलाय ते कळतं. जास्त चालतो तो घ्या, स्वतःचा काढू नका.

टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये 'रामानी हुरिया' प्रकल्पात विद्यार्थ्यांनी आणि रहिवाशांनी गटारं मॅपवर आणली, ती पुराची तयारी करता यावी म्हणूनच. आपल्याकडेही पाणी तुंबतंच की. या रविवारी निदान आपल्या गल्लीतल्या जाळ्या मोजा!